गुणी बाळ

बार्शीत माझ्या क्लिनिकवर 'श्रवण व वाचा उपचार केंद्र' अशी पाटी आहे. ती कुणी वाचत नाही. खालच्या औषधाच्या दुकानात पत्ता विचारला की तो पोरगा सांगतो, "बोबड्यांच्या मॅडम ना? जिना चढा, डावीकडं."

सोन्याच्या घरचे असेच विचारत विचारत श्रावणात पहिल्यांदा आले. सोन्या एकवीस महिन्यांचा. बरोबर त्याची आई, आजी, काकू आणि काकूच्या मांडीवर सात महिन्यांची छकुली. एकत्र कुटुंबातलं एक मूल दवाखान्यात निघालं की निम्मं घर निघतं, त्याचं मला काही वाटत नाही. उलट बरं पडतं. आई जे विसरते ते आजी सांगते.

"काहीच बोलत नाही," आई म्हणाली.

"ह्याचा बापबी तीन वर्सांचा होईस्तवर बोलला न्हवता," आजींनी लगेच निकाल दिला. "आता गप म्हणलं तरी गप बसत न्हाई." वेखंड उगाळून चाटवून झालं होतं, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालून झाला होता. वेखंड मधातून दिलं होतं का आणि किती महिन्यांचा असताना, एवढं मी विचारून घेतलं. वर्षाच्या आत मध देऊ नये, हे सांगायची एकही संधी मी सोडत नाही.

मग आईच्या हातात कागद-पेन दिलं. तो जे काही बोलतो ते लिहा, जसं बोलतो तसंच. ती म्हणाली, "पण बोलतच नाही तर काय लिहू?" मी विचारलं, कुत्रा दिसला की काय करतो? "भू भू म्हणतो." लिहा. "हे पण शब्द धरायचे?" धरायचे. दर वेळी त्याच गोष्टीला तोच आवाज, तर तो शब्द. भू भू, हम्मा, दुदू, मम्मम, आबा, नन्ना म्हणजे नको. कागदावर सतरा झाले. आईनं तो कागद दोनदा वाचला.

याउलट ती ज्याच्यावर खूश होती, ते मी मोजलंच नाही. मोबाइलवरचं इंग्रजी गाणं तो अख्खं म्हणायचा. पण तहान लागली की पाणी मागायला त्यातला एकही शब्द त्याच्या कामाचा नव्हता.

शब्दांपेक्षा मी दुसरंच बघत होते. खिडकीतला कावळा त्यानं बोट करून आईला दाखवला आणि तिनं बघितलं का, हे मागं वळून तपासलं. "आबांची चप्पल कुठंय?" म्हटल्यावर, मी हात न हलवता, दाराकडं गेला. नावाला ओ देत होता. सोळा महिने उलटून एकही शब्द नसता, वर्ष झालं तरी बोट दाखवत नसता, हाकेला बघत नसता, किंवा येत असलेले शब्द गळून गेले असते, तर मी त्याच दिवशी पुढच्या तपासण्यांना लावलं असतं. शब्द गळणं तर कुठल्याही वयात थांबून बघण्यासारखं नाही. सोन्याचं तसं नव्हतं. कान तपासले, दोन्ही ठीक निघाले. मोबाइल बंद, त्याच्याशी कामं करता करता बोला, दोन वर्षांचा झाला की परत आणा. तोवर दोन शब्द जोडायला लागायला हवा, "दुदू दे", "आबा गेले" असं.

या सगळ्या गडबडीत, सोन्या ढोलकी बडवत असतानाही, छकुली काकूच्या मांडीवर गाढ झोपली होती. निघताना मी तिच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, "किती गुणी आहे हो!"

हे वाक्य मला पुढं पुरतं महागात पडणार होतं. माझ्यापेक्षा तिला.

दिवाळी झाली आणि मंडळी परत आली. सोन्याची प्रगती छान होती. आईची वही आता चाळिशीच्या पुढं गेलेली, आणि आल्या आल्या त्यानं मला "आबा गेले" ऐकवलं, आबा खाली गाडी लावायला गेले होते म्हणून. मी आनंदात होते. आजी फराळाचा डबा काढत छकुलीचं कौतुक सांगायला लागल्या. "ही मातुर शाणी. लक्ष्मीपूजनाला दारातच लवंगी माळ लावली, आमचा सोन्या बोंबलत आत पळाला. ही झोपल्याली हाललीबी न्हाई."

मी चकलीचा तुकडा मोडत होते. तो तसाच हातात राहिला.

तेवढ्यात, मुद्दाम नव्हे, सोन्याच्या धक्क्यानं ठोकळ्यांचा स्टीलचा डबा टेबलावरून खाली आपटला. सगळे दचकले. छकुली काकूच्या मंगळसूत्राची वाटी चोखत होती, ती चोखतच राहिली. मग तिनं वर आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आई बघत होती तिकडं मान वळवली. डब्याकडं बघितलं खरं, पण सगळ्यांच्या मागून.

"बघू द्या जरा हिला," मी म्हणाले.

आजींनी तिच्या मागं जोरात टाळी वाजवली, छकुलीनं लगेच मान फिरवली. "ऐकतंय की बाळ!" घरोघरी अशीच परीक्षा होते आणि बाळं त्यात पास होतात, कारण टाळीचा वारा मानेला लागतो, हाताची सावली पडते. थाळी बडवली तर हादरा जमिनीतून येतो. ऐकू न येणारं मूल डोळ्यांनी आणि कातडीनं फार हुशार असतं. मी काकूला समोर खुळखुळा धरून हिला गुंतवून ठेवायला सांगितलं आणि स्वतः मागं, तिच्या नजरेच्या बाहेर, हातभर लांब उभी राहिले. "बा बा बा." काही नाही. "श्श." नाही. घंटी. नाही. शेवटी ढोलकी, हवेत धरून, जोरात. खुळखुळा बघून ती छान हसत होती.

"आवाज काढते का?" मी विचारलं.

काकू पहिल्यांदाच बोलली. "आधी काढायची. आ, ऊ असं. आता कमी झालंय." दहा महिन्यांच्या बाळाचं बाबाबा, दादादा सुरू असायला हवं. जन्मापासून न ऐकणारी बाळंही पहिले काही महिने हुंकारतात, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पुढं स्वतःचाच आवाज कानावर पडत नाही, तेव्हा तो खेळ रंगत नाही.

यंत्रावर दोन्ही कानांना 'रेफर', म्हणजे पुढं तपासा, असं आलं. सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी असलं तरी तसं येतं, म्हणून पडदाही तपासला. तो व्यवस्थित हलत होता. आता आशेला फारशी जागा उरली नव्हती, पण बेरा केल्याशिवाय मी कुणालाच 'ऐकू येत नाही' म्हणत नाही. बाळ झोपवून, डोक्याला तारा चिकटवून, मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघायचं. त्यासाठी सोलापूरला चिठ्ठी लिहिली.

लिहिता लिहिता नेहमीचे प्रश्न विचारत होते. जन्मल्यावर कावीळ? नाही. काचेत ठेवलं होतं? नाही. जन्मल्यावर कानाची तपासणी? असं काही असतं हेच माहीत नव्हतं. नात्यातलं लग्न?

खोलीत एकदम शांतता झाली.

"माझ्या भावाची लेक हाय ही," आजी म्हणाल्या. "म्याच सून करून आणली." मग बऱ्याच वेळानं, "त्यामुळं व्हय?"

या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर शोधते आहे. नात्यात लग्न झालं की अशी शक्यता वाढते हे खरं, आणि नात्यातली कित्येक जोडपी धडधाकट मुलांचे आईबाप असतात हेही खरं. दोन्ही सांगितलं. नक्की कारण आत्ता कळणार नाही असंही सांगितलं. आजींनी त्यातलं एकच ऐकलं, हे त्यांच्या पदराच्या बोळ्यावरून दिसत होतं. काकूनं त्यांच्या हाताला हात लावला. "आत्या, चला, उशीर होतोय."

ते गेल्यावर मी सोन्याचा जुना केसपेपर काढला. मुलाबरोबर कोण आलं हे लिहून ठेवायची मला सवय आहे. माझ्याच अक्षरात होतं, 'आई, आजी, काकू. काकूचं बाळ (७ म.), शांत.' आमच्या शास्त्रात एक-तीन-सहा असं धरतात, पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. सातव्या महिन्यात ते बाळ ढोलकीच्या दणदणाटात माझ्यासमोर झोपलं होतं आणि मी त्याचं कौतुक केलं होतं. तीन महिने माझ्या खात्यावर.

बेरात ९० डेसिबलपर्यंत दोन्ही बाजूंना एकही लाट आली नाही. अकराव्या महिन्यात श्रवणयंत्रं लागली. ती वर्षाची झाल्यावर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होता. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना त्यासाठी मदत मिळते, त्याचे कागद आबांनी झपाट्यानं गोळा केले. आता क्लिनिकमध्ये कडेवर, झोळीत, मांडीवर जे कुठलं बाळ येतं, त्याचा केसपेपर असो नसो, मी एकदा मागं जाऊन "श्श" करते. काही आया चमत्कारिक नजरेनं बघतात. बघू देत.

गेल्या महिन्यात काकू छकुलीला घेऊन आली, सोन्या शेपटासारखा मागं. मी वहीत काहीतरी लिहीत होते. त्यानं माझी ओढणी ओढली, बोट छकुलीकडं केलं आणि मी बघतेय का ते तपासलं.

"छकू मशीन खाते."

मी आधी शब्द मोजले. मग छकुलीच्या तोंडातून यंत्र काढायला धावले.