आधी रुमाल, मग विषय

इतिहासात पीएच.डी. करायची ठरली की बहुतेक विद्यार्थी आधी विषय शोधतात, मग मार्गदर्शक, मग नोंदणी, आणि कागद सगळ्यात शेवटी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी तरी हा क्रम उलटा व्हायला हवा. करवीर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं, पण त्याचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. १९६२ साली स्थापन झालेलं विद्यापीठ त्याच गावात आहे. दिल्ली-मुंबईच्या विद्यार्थ्याला इथे येऊन महिनाभर खोली घेऊन राहावं लागेल. इथला विद्यार्थी रोज दुपारी तीन तास दप्तरात बसू शकतो. प्रादेशिक विद्यापीठाचं खरं भांडवल हेच आहे. ते सोडून छापील ग्रंथांतून 'राजर्षी शाहू महाराजांचे कार्य' असा सातशे पानांचा प्रबंध जुळवण्यात काही हशील नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. नोंदणीच्या वेळी दिलेलं शीर्षक पुढे बदलायचं झालं की पुन्हा समितीपुढे जावं लागतं. शीर्षक आधी आणि कागद नंतर असं झालं, तर नेमकं हेच घडतं: 'पेशवेकालीन स्त्रियांचे आर्थिक व्यवहार' असं नाव मंजूर होतं आणि निवडलेल्या परगण्याचे त्या काळातले ताळेबंदच नाहीत, हे दुसऱ्या वर्षी कळतं. म्हणून आराखडा लिहिण्याआधी दोन महिने दप्तरात घालवावेत. यादी पाहावी, तीन-चार रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडावेत, चाळीसेक कागद वाचून त्यांचे गोषवारे करावेत. कोणत्या वर्षांचे कागद सलग आहेत, कुठे खंड पडला आहे, कोणत्या प्रकारचे कागद भरपूर आहेत, हे त्यातून कळतं. रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी) सलग असतील तर विषय खर्चाचा निघेल. महजर (सभेपुढे झालेले निवाडे) आणि कैफियती (पक्षकारांची निवेदनं) असतील तर वतनाच्या भांडणांचा निघेल. एक पेठ, एक महाल (महसुली विभाग) किंवा कागल, बावडा, विशाळगड, इचलकरंजी यांपैकी एकच जहागीर आणि दहा-पंधरा वर्षं, एवढा आवाका एका प्रबंधाला पुरून उरतो.

यासाठी मोडी यावीच लागते, एकोणिसाव्या शतकातला विषय असला तरी. लिप्यंतर दुसऱ्याकडून करून घेऊ, ही पळवाट प्रबंधाला महागात पडते. लिप्यंतर करणाऱ्याला तुमचा प्रश्न ठाऊक नसतो, त्यामुळे तुम्हाला हवी असलेली पाठीमागची दोन ओळींची नोंद तो बिनमहत्त्वाची समजून गाळतो.

मोडीचे आठ-दहा दिवसांचे वर्ग ठिकठिकाणी होतात. त्यात बाराखडी येते, वाचन येत नाही. बाराखडीतली अक्षरं सुटी असतात. कागदावर लेखकानं आधी आडवी शिरोरेषा ओढलेली असते आणि हात न उचलता अक्षरं तिला टांगलेली असतात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. 'दिन' आणि 'दीन' एकच दिसतात. 'उपसर्गनदेणे' असं एकसंध लिहिलेलं असतं आणि त्यातला 'न' नजरेतून सुटला तर हुकूम उलटा होतो. म्हणून वर्ग संपल्यावर रोज एक तास, एकाच कारकुनाच्या हातचे कागद वाचावेत. सुरुवातीला तासाला पाच-सहा ओळी झाल्या तरी पुष्कळ. दर दिवशी नवा हात घेतला तर डोळा बसत नाही. आधी एकोणिसाव्या शतकातले कागद, मग पेशवाई, मग शिवकाल असं मागे जाणं सोपं पडतं, कारण भाषा ओळखीची असली की अडलेलं अक्षर संदर्भानं सुटतं.

मायना आणि शेवट ठरलेले असतात, ते पाठ करून टाकावेत. 'जाणिजे', 'बहुत काय लिहिणे', 'मोर्तब सूद' ही ठिकाणं ओळखता आली की त्याच कागदातून त्या लेखकाची वीस-पंचवीस अक्षरं हाती लागतात आणि त्यांच्या आधारानं मधला मजकूर उलगडतो. लघुरूपांची स्वतःची वही करावी. ता॥ म्हणजे तर्फ किंवा तालुका, पा॥ म्हणजे परगणे, प्रा॥ म्हणजे प्रांत, रा॥ म्हणजे राजश्री, मु॥ म्हणजे मुक्काम. एकाच लघुरूपाचे दोन-तीन अर्थ असू शकतात, म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे तो कागद लिहून ठेवावा. तयार याद्यांवर विसंबून राहिलं तर तर्फेचा तालुका होतो.

'ध'चा 'मा' ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. प्रबंध मात्र बहुधा अक्षरात बिघडत नाही, तारखेत बिघडतो. परीक्षक पहिली शंका तिथेच घेतात आणि त्यांनी घ्यायलाच हवी.

मराठेशाहीच्या कागदात बहुधा सुहूर सन असतो, अरबी संख्याशब्दांत, एकक आधी. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, ११६१. सबा आणि सबैन, सीत आणि सितैन यांची घाईत गल्लत होते आणि कागद पन्नास-साठ वर्षं सरकतो.

हा सन मृग नक्षत्राला बदलतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, सन ११६१, म्हणून ६००. त्याच ११६१ सनातलं नोव्हेंबरचं पत्र मात्र १७६०चं. आज ७-८ जूनला येणारं मृग अठराव्या शतकात तीन-चार दिवस आधी येई, एवढंही ध्यानात ठेवावं. फसलीला ५९० किंवा ५९१, शालिवाहन शकाला ७८ किंवा ७९, राज्याभिषेक शकाला १६७३ किंवा १६७४.

खरी गंमत महिन्यात आहे. सन सौर, पण महिना आणि तारीख मुसलमानी चांद्र. 'छ ६ जमादिलाखर' यातला छ म्हणजे चंद्र. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे, त्यामुळे एका सुहूर सनात सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येतात, एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. ११६१ याच सनात छ २५ सवाल एकदा १० जून १७६०च्या सुमारास येतो आणि पुन्हा ३० मे १७६१च्या सुमारास. एकाला ५९९, दुसऱ्याला ६००. नुसतं जंत्री (तारखांच्या रूपांतराचं कोष्टक) उघडून पहिली दिसली ती तारीख घेतली की पत्र जवळजवळ वर्षभर चुकतं, आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असा पत्रव्यवहार प्रबंधात छापला जातो. अशा ठिकाणी आतला मजकूरच निर्णय देतो: पेरणीचा उल्लेख आहे का, फौज कोणत्या मुक्कामी आहे, पाठीवर पैवस्तीची (पत्र पोचल्याची) तारीख काय आहे.

तिथी आणि चंद्र दोन्ही दिलेले असतील तर पडताळा जागेवरच होतो. चंद्रदर्शन शुद्ध प्रतिपदेला किंवा द्वितीयेला होतं, म्हणून चांद्र तारीख तिथीच्या एक-दोननं मागे असते. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध ८ होती आणि छ ६ जमादिलाखर. वद्य पक्षात तिथीत १५ मिळवून हाच हिशेब करावा. फरक चार-पाचांचा निघाला तर आकडा चुकीचा वाचला आहे असं समजावं आणि कागद पुन्हा भिंगाखाली घ्यावा. पेशवाईसाठी मोडक जंत्री आणि शिवकालासाठी खरे जंत्री, या दोन्ही टेबलावर असाव्यात. इंग्रजांच्या कागदाशी ताळा घालताना सप्टेंबर १७५२च्या आधीची त्यांची तारीख जुन्या पद्धतीची असते. त्या शतकात ती अकरा दिवस मागे, सतराव्या शतकात दहा. गोव्याच्या पोर्तुगीज कागदात हा फरक नसतो, कारण पोर्तुगालनं नवी पद्धत १५८२लाच घेतली.

आकड्यांचं तसंच. रकमेत उभी रेघ म्हणजे पाव रुपया, आडवी म्हणजे एक आणा. '४६॥=' म्हणजे ४६ रुपये १० आणे. कागदाची घडी नेमकी रकमेवरून गेली असेल तर फोटोत घडीची सावली उभ्या रेघेसारखी दिसते आणि चार आणे वाढतात. म्हणून हिशेबाच्या कागदाची बेरीज स्वतः करून पाहावी. बेरीज जुळली तरच वाचन बरोबर. जमिनीला २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर हे कोष्टक चालतं. धान्याला २० मणांची खंडी, पण मणाची पायली गावोगाव बदलते, तेव्हा त्याच महालाचं माप शोधावं. नाण्यांत तर फारच सावधपणा हवा. पन्हाळी आणि शहापुरी रुपये एकाच यादीत येतात आणि त्यांत बट्ट्याचा (नाणं बदलताना होणाऱ्या घटीचा) फरक असतो. दोन्हींची सरळ बेरीज करून काढलेला 'एकूण वसूल' निरर्थक ठरतो.

नोंद घेताना चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात: फोटो, ओळीनुसार जसंच्या तसं लिप्यंतर, शब्द तोडून केलेलं वाचन आणि चार ओळींचा गोषवारा. लिप्यंतरात शुद्धलेखन सुधारू नये. स्वतः घातलेलं अक्षर चौकटी कंसात, शंकास्पद वाचनापुढे प्रश्नचिन्ह, फाटलेल्या जागी टिंबं. फाइलच्या नावातच रुमाल, पुडकं, कागद आणि बाजू असावी, उदाहरणार्थ 'रु१२_पु३_का४५_पाठ'. पाठीचा फोटो न घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. पैवस्तीची तारीख, दप्तरातली नोंद, कधी कधी दुसऱ्याच हातचा शेरा पाठीवरच असतो, आणि परत जाऊन तोच रुमाल मागवायचा तर एक दिवस जातो. फोटोला परवानगी नसेल तर पेन्सिलीनं उतरवावं. शाईचं पेन दप्तरात नेऊच नये.

कागद हाताळताना एवढं पाळावंच: थुंकी लावून पान उलटायचं नाही, घडी उलट्या बाजूनं मोडायची नाही, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही. जुनी शाई काजळीची आणि डिंकाची, ओल लागली की ती पसरते. घामट बोटाचा ठसा पुढच्या वाचणाऱ्याचं एक अक्षर कायमचं नेतो. रुमाल बांधताना पुडक्यांचा क्रम मोडला तर तुमच्याच तळटिपा पुढे कोणाला सापडणार नाहीत. ज्यांनी दोनशे वर्षं हे बस्ते वाळवीपासून जपले त्यांचं ऋण यापेक्षा वेगळ्या रीतीनं फेडता येत नाही.

एका दप्तरावर थांबू नये. कोल्हापूरच्या कागदात दरबाराची बाजू दिसते. पोलिटिकल एजंटाची (संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीची) बाजू मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि पेशव्यांची पुण्याच्या पेशवे दप्तरात. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून ४५ खंड छापले, तेही आधी चाळावेत, म्हणजे छापून झालेल्या कागदाचं लिप्यंतर करण्यात आठवडा जाणार नाही. उलट छापील पाठ आणि मूळ कागद दोन्ही मिळाले तर मुद्दाम ताडून पाहावेत, मोडी शिकण्याचा त्यासारखा मार्ग नाही.

शेवटच्या वर्षी एक तांत्रिक अडचण हमखास येते. टंकलेखकाकडून प्रबंध जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेला असतो. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर निरर्थक अक्षरांचा दिसतो, अहवाल विचित्र येतो आणि शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढवलेली फाइल कोणाला शोधता येत नाही. पहिल्या दिवसापासून युनिकोड वापरावा. जुनं टंकन युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे लिप्यंतरं तरी पुन्हा ओळीनं ओळ तपासावी लागतात. २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि संदर्भासह दिलेली अवतरणं त्यातून वगळली जातात, पण ती अवतरणचिन्हांत असतील तरच यंत्राला कळतात. लांब कागद परिशिष्टात द्यावेत, प्रकरणात फक्त लागणाऱ्या ओळी घ्याव्यात, आणि परिशिष्टातल्या प्रत्येक कागदाखाली रुमाल, पुडकं, कागद क्रमांक, मूळ तारीख आणि तिचं इसवी रूपांतर अशी पाच खानी नोंद करावी. मूळ तारीख गाळून नुसती इसवी दिली तर रूपांतर चुकलं होतं की वाचन, हे पुढच्या अभ्यासकाला शोधता येत नाही.