किनाऱ्याने पायी: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे

कोकणात किनारा धरून चालत जायचं म्हटलं की घरचे समुद्राची भीती घालतात. समुद्र काही करत नाही. अडवतात त्या खाड्या. सह्याद्रीतून उतरलेली नदी समुद्राला मिळण्याआधी ऐसपैस पसरते. पुलासाठी आत वळावं तर अर्धा दिवस मोडतो, नाही वळावं तर तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत काठावर बसायचं. हरिहरेश्वर ते गणपतीपुळे या टप्प्यात सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा नद्यांची मुखं ओलांडावी लागतात. शाळेच्या पुस्तकातल्या ७२० किलोमीटर किनाऱ्याचा हा मधलाच तुकडा, पण चार माणसांनी एकमेकांना पुरतं ओळखायला भरपूर झाला.

चौघं म्हणजे मी, माझा मित्र, त्याची थोरली बहीण आणि त्यांचे सख्खे काका. ताई शाळेत मराठी शिकवतात. काका एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले, पण माणसं मोजायची सवय गेली नाही. कुठूनही निघताना ते चार डोकी मोजायचे आणि तोंडाने 'टिंग टिंग' करायचे. पहिल्यांदा हसलो. नंतर ती डबल बेल झाल्याशिवाय कुणाचं पाऊलच उचलेना.

इथे वारीसारखी आखलेली वाट नाही, खुणा नाहीत, नर्मदेच्या परिक्रमेत असतात तसे सदावर्तही नाहीत. रेवस-रेड्डी सागरी मार्ग आहे, पण डांबरावरून चालायचं तर घरीच बरं. आमची आखणी काकांनी कालनिर्णय समोर ठेवून केली. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसालाही तीच आणि रात्रीलाही साधारण तीच. मधल्या सहा तासांनी ओहोटी. आम्ही मार्गशीर्ष कृष्ण तृतीयेला निघालो, म्हणजे भरती सव्वादोनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेआठला. चालणाऱ्याला याहून चांगली वेळ नाही: ऊन कोवळं आणि पुळणीवर पाणी ओसरून घट्ट झालेली ओली वाळू. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, मित्राने ते उतरवूनही घेतले होते. मिनिटांचा फरक सोडला तर काकांचा आकडा कुठे चुकला नाही.

गोम अशी की भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. चार-पाच दिवसांत ओहोटी भर दुपारी येऊन बसते. मग सकाळी गार हवेत भुसभुशीत वाळू तुडवायची, नाहीतर घट्ट वाळूसाठी बारा वाजता उन्हात उतरायचं. त्यात आम्ही उत्तरेकडून दक्षिणेला चाललेलो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दुपारभर थेट तोंडावर. समुद्र कायम उजव्या हाताला, पुळण त्याच्याकडे उतरती, म्हणून उजवा पाय सदोदित खाली. संध्याकाळपर्यंत डावा गुडघा आणि उजवा घोटा दोन वेगळ्या माणसांचे वाटायचे. हे कुणी आधी सांगत नाही. पाठीवर दहा किलोची सॅक असली की हा उतार हाडांना कळतो.

बागमांडल्याला फेरीबोटीत बसून सावित्री ओलांडली आणि वेश्वीला उतरलो. बाणकोट, वेळास इथपर्यंत सगळे खुशीत होते. वेळासच्या पुढे सडा लागला तेव्हा गप्पा आटल्या. ज्याने सडा पाहिला नाही त्याला सांगतो: जांभ्याचं काळं पठार, सावलीला झाड नाही, पिवळं पडलेलं गवत, मध्ये मध्ये करवंदीच्या जाळ्या. पावसाळ्यात जिथे पाणी तुंबतं तिथे मार्गशीर्षात नुसत्या कोरड्या खळग्या. माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं, तरी शेवटचा तास घोट मोजून काढला. खाली गाव दिसत असतं, विहिरीवरचा रहाटसुद्धा दिसतो, पण उतरायची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, सापडेपर्यंत दोन दगडी गडगे ओलांडावे लागतात आणि कुणाची तरी कुत्री जागी होतात.

भारजेच्या मुखाशी पोहोचलो ती षष्ठी. घट्ट वाळूवरून झपझप आल्याचा आनंद काठावर विरला. ओहोटी पूर्ण झालेली, होडी चिखलात एका कुशीवर कललेली, तिच्या सावलीत एक गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसलेले. पलीकडे केळशी हाकेच्या अंतरावर.

"दोन वाजल्याशिवाय पाणी नाय," ते म्हणाले. "चालत आलात? आणि ते का?"

किनाऱ्याला ओहोटी हवी आणि तरीला भरती हवी, ही या वाटेची खरी अडचण. दोन्ही एकदम मिळत नाही. त्या दिवशी चरफडलो. आता वाटतं, त्या सक्तीच्या बैठकांनीच आमचा कारभार टिकला. मोकळ्या पुळणीवर मित्र अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे असायचा, मी मध्ये, ताई आणि काका मागे. कुणाचं काय दुखतंय ते कुणाला कळायचं नाही. काठावर मात्र सगळ्यांना थांबावंच लागे.

तिथेच ताईंनी बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि त्या आदल्या दिवसापासून काही बोलल्या नव्हत्या. काकांनी पिशवीतून सुई-दोरा काढला. मेणबत्तीवर सुई तापवली, दोरा डेटॉलमधून ओढून घेतला, सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आत तसाच ठेवून दोन्ही टोकं बोटभर राखून कापली. पाणी दोऱ्यावाटे हळूहळू निथळतं आणि वरची कातडी जागच्या जागी राहते. डॉक्टर मंडळी नाक मुरडतील, आणि त्यांचं बरोबरही असेल. पायाला मातीचा लवलेश नसताना, स्वच्छ हातांनीच हे करावं. ताईंच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. काकांच्या मात्र निघाले. "दुखतंय ते पहिल्या स्टॉपला सांगायचं, डेपोत नाही."

त्यानंतर नेम झाला: खाडी आली की आधी पाय उघडे करायचे, मग पाणी प्यायचं. खोबरेलाची बाटली सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत मोलाची ठरली. खाऱ्या घामाने मांड्या काचल्या की दुसरं काही चालत नाही.

केळशीत ज्या घरी जेवलो तिथल्या काकूंनी कुळथाची पिठी, भात, पोह्याचे पापड आणि आमसुलाचं सार वाढलं. मागच्या आगरात पोफळीच्या रांगा होत्या, पण निम्म्या लहान. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मोठ्या पडल्या त्या जागी लावलेल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते, त्यामुळे काही झाडं आता कुठे धरू लागली होती. "अहो, एसटी येते की," त्या चारदा म्हणाल्या. जेवणाचे पैसे चोख घेतले. का घेऊ नयेत? वाटेवरच्या माणसाने फुकट जेवू घालावं ही अपेक्षा मला नेहमीच खटकते. पैसे घेतल्यावर त्यांनी आपण होऊन पडवी झोपायला दिली, सकाळी न्हाणीत गरम पाणी काढलं, ते वेगळं.

आडे, पाडले, अंजर्ले हा भाग सुखाचा. हर्णैला बंदरावरचा लिलाव पाहिला. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काठावर आणतात. मुरूड-कर्द्याची पुळण भांगाच्या पाण्यात गेली. अष्टमीच्या आगेमागे ना धड भरती येते ना धड ओहोटी, आणि चालणारा कायम मऊ वाळूत.

मुरूडलाच पुण्याच्या दोन मुली उलट दिशेने येताना भेटल्या. त्यांच्याही पाठीवर सॅक, त्यांचेही ओठ फुटलेले. अशी भेट झाली की नाव-गाव राहतं बाजूला, आधी माहितीची देवाणघेवाण होते. कोळथऱ्याच्या अलीकडे एका विहिरीला दोर नाही, बाटलीला बांधायला दोरी जवळ ठेवा. बुरोंडीनंतर सड्यावर नेटवर्क जातं. एका वाडीतली कुत्री वाईट आहेत, पण दगड उचलायला नुसतं वाकलं तरी पळतात. आम्ही त्यांना पाऊणपटीचा हिशेब दिला, अंजर्ल्याचं चांगलं जेवण सांगितलं आणि उरलेली चिकटपट्टी दिली. वीस मिनिटांत पांगलो. त्यांची दोरीची सूचना दुसऱ्याच दिवशी कामाला आली.

भांडण झालं ते त्या विहिरीपाशीच. मित्राचं म्हणणं, खडकांवरून कडेकडेने जाऊ, अंतर वाचेल. काकांचं म्हणणं, पाणी चढतंय, सड्यावरून जायचं. मित्र म्हणाला, तुमच्या स्पीडने गेलो तर शिमग्याला पोहोचू. हे बोलायला नको होतं. ताईंनी भावाला सगळ्यांदेखत झापलं, मी मध्यस्थी करायला गेलो तर दोघांनी मलाच गप्प केलं. शेवटी सड्यावरून गेलो, पण चौघं चार दिशांना तोंडं करून. दाभोळपर्यंत डबल बेल वाजली नाही.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे. ती नव्हती तेव्हा गाडीवाल्यांना गुहागरला जायला चिपळूणचा वळसा होता. आमच्यासाठी तिचा उपयोग वेगळा झाला. बोट पलीकडच्या काठावर होती. धक्क्यावर सावली एकाच टपरीची, बाकडं एकच. चौघं खेटून बसलो. मित्राने चार वडापाव आणले, पहिला काकांच्या हातात दिला. काकांनी तो अर्धा करून त्याला परत दिला आणि विचारलं, "तंबू जड होतोय का रे?" होत होता. तीन दिवस तो एकटाच वाहत होता आणि चिडचिड तिथून येत होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कापड माझ्याकडे, काठ्या ताईंकडे, खुंट्या काकांकडे अशी वाटणी धक्क्यावरच झाली. बोट लागली तेव्हा काकांनी डोकी मोजली.

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर झपाट्याने गेले. अंग आता रुळलं होतं. हेदवीला अमावस्या जवळ आलेली, म्हणजे भरती सकाळी अकराच्या आसपास आणि तीही उधाणाची. बामणघळीत लाट शिरते आणि अरुंद भेगेतून पाणी उंच उसळतं, ते बघायला भरतीच लागते. सगळी वाट ओहोटी मागणारे आम्ही तिथे खडकावर बसून पाणी चढायची वाट बघत होतो. ताई दोनदा नखशिखान्त भिजल्या.

तवसाळहून शेवटची खाडी ओलांडून जयगडला उतरलो. तिथून पुढे पहाटेची ओहोटी मिळाली, पाचला बॅटरी लावून निघालो. मालगुंडला ताईंनी केशवसुतांच्या स्मारकासाठी थांबवलं आणि दारातच 'तुतारी' पाठ म्हणायला लावली. मला दोनच ओळी आल्या, काकांना जवळजवळ सगळी येत होती. गणपतीपुळ्याला देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा घालायची की नाही यावर मतदान झालं. दोन विरुद्ध दोन. काका म्हणाले, एवढे चाललो त्यात एक किलोमीटर काय. घातली.

आता पुढचा टप्पा विजयदुर्गपर्यंत. माघात निघायचं, कारण फाल्गुन लागला की सड्यावर दुपारी उभं राहवत नाही. मित्राच्या मते तंबू घ्यायचाच नाही, पडव्या आणि देवळं पुरतात. ताईंना तंबू हवाय. काकांनी सुई-दोरा, डेटॉल आणि दहा वाव दोरी एवढी यादी पाठवली आहे, आणि खाली लिहिलंय: बाकी तुमचं तुम्ही बघा.