ऐरोलीचं वेढणं आणि सफोकची शेतं

मावशीचं वेढणं, म्हणजे सोन्याची साधी अंगठी, ऐरोलीच्या सोसायटीच्या बागेत पडलं, आणि तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला एकच प्रश्न येत होता. "ताई, एवढा आकडा म्हणजे सोनं ना?" मी इंग्लंडमध्ये, सफोक परगण्यातल्या इप्सविचच्या आसपासच्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरते हे सगळ्यांना माहीत आहे. मावसभाऊ मंदारने ऐरोलीत मित्राकडून एक मशीन आणली आणि तिच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. आकड्यावरून धातू सांगता येतो या समजुतीचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय.

मशीनला धातू ओळखता येत नाही. दांड्याच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे खालच्या धातूत प्रवाह फिरायला लागतात, आणि ते किती जोरात उठतात व किती लवकर विरतात एवढंच मशीन मोजते. यात धातूची वहनक्षमता येते, तशीच जाडी, आकार आणि ठेवणही येते. चांदीचं भलंमोठं नाणं वर जातं, चांदीचाच पातळ कपटा खाली येतो. सोन्याची लहान अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची चावी जवळजवळ एकाच आकड्यावर येतात, जगातली कुठलीही मशीन घ्या. शिवाय प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी. माझ्या इक्विनॉक्स 800 वर उणे 9 ते 40, मंदारच्या सिम्प्लेक्सवर 0 ते 99. माझ्या 14 चा मंदारच्या 14 शी काही संबंध नाही.

त्यात नवी मुंबईची जमीन. खाजणावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या वसाहतींत बागेच्या मातीखाली मुरूम आणि राडारोडा असतो. त्यात सळईचे तुकडे, खिळे, गवंड्याची बांधायची तार. वरच्या थरात औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि सोडा बाटल्यांचे पत्र्याचे बिल्ले. हा बिल्ला महाफसवा. लोखंडी असून आकडा असा दाखवतो की हात आपोआप खुरप्याकडे जावा. गंजलेला खिळाही तेच करतो. त्याच्या एका टोकावरून कॉइल गेली की उंच, स्वच्छ सूर निघतो, आणि शिकाऊ माणूस तिथे कोपरभर खड्डा खणून बसतो.

माझं या मशीनवर प्रेम आहे, पण खरं प्रेम आहे ते इथे मला हे कान देणाऱ्या माणसांवर. आमच्या क्लबात एक निवृत्त प्लंबर आहेत. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी माझ्या मशीनचा पडदा तळहाताने झाकला आणि म्हणाले, आता फक्त जागा ऐक. सिग्नलवरून एकदा उत्तर-दक्षिण कॉइल फिरवायची, मग नव्वद अंशात वळून पूर्व-पश्चिम. दोन्ही वेळा सूर त्याच बिंदूवर येतो का, ते बघायचं. लोखंडाचा खोटा सूर बाजू बदलली की सरकतो, तुटतो, किंवा नुसती घरघर उरते. नाण्याचा, अंगठीचा सूर कमकुवत असेल, आकडा उडत असेल, पण तो जागा सोडत नाही. हा काही शंभर टक्के नियम नाही. मोठं, सपाट लोखंड दोन्ही बाजूंनी बेमालूम फसवतं, आणि खूप खोल असलेलं चांदीचं नाणं लोखंडासारखं बोलतं. तरीही शंका असेल तिथे मी आधी जागा बघते, आकडा नंतर.

याच पद्धतीने मला एका वाफसा आलेल्या शेतात नखाएवढा चांदीचा तुकडा मिळाला. आकडा होता चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा. निघाला तो कापलेला पेनी, म्हणजे इथलं जुनं चांदीचं नाणं. राजा पहिल्या एडवर्डने 1279 मध्ये सुटी नाणी पाडायला सुरुवात करेपर्यंत इथे पेनीच्या मागच्या क्रुसावरून कापून अर्धे-पाव तुकडे करत, तसला अर्धा. एकटं नाणं इथल्या 1996 च्या ट्रेझर ॲक्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या खजिन्याच्या कायद्यात, सहसा बसत नाही, म्हणजे नोंदवायची सक्ती नव्हती. तरी मी तो परगण्याच्या पुरावस्तू-नोंदणी अधिकाऱ्याकडे नेला. त्या बाईंनी तो मऊ कापडावर ठेवला, भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या, वजन केलं, फोटो काढले, मला नकाशावर शेताचा नेमका कोपरा दाखवायला लावला. मग राजा कुठला, टांकसाळीचं कुठलं अक्षर उरलंय, ते मला दाखवत बसल्या. माझ्यामागे एक शेतकरी बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या घेऊन उभा होता. त्याच्याही गोळ्या त्यांनी तेवढ्याच आस्थेने मोजल्या. एकही प्रश्न "हे तुमच्याकडे आलं कसं?" या सुरात नव्हता. तुकडा मला परत मिळाला, नोंद सगळ्यांसाठी खुली झाली. सरकारी खुर्चीतल्या माणसाने इतक्या क्षुल्लक वस्तूला इतका वेळ द्यावा, याचं मला आजही अप्रूप आहे.

आमच्याच सफोकमध्ये हॉक्सन गावी नोव्हेंबर 1992 मध्ये एरिक लॉस नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा मशीनने शोधत होते. सापडला रोमन खजिना, जवळपास 15,000 नाण्यांचा. त्यांनी उकरत न बसता कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना मूळची लाकडी पेटी कशी होती तेही जमिनीतच वाचता आलं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तर ऐरोली. पहिल्या व्हिडिओ कॉलवर मशीन नुसती किंचाळत होती. कारण मंदारने फोन कॉइलशेजारीच धरला होता, आणि वरून उच्चदाबाच्या तारा जातात. त्याच्या जोडीला असलेल्या ऋतुजाला फोन घेऊन लांब उभं केलं, संवेदनशीलता उतरवली, मग मशीन शांत झाली. दुसरं काम नमुन्याचं, म्हणजे तसंच वेढणं कसा सूर देतं ते आधी ऐकायचं. वेढण्याची दोन्ही टोकं जोडलेली नसतात, एकमेकांवर नुसती आलेली असतात. बंद कड्यात प्रवाह गोल फिरतो, उघड्या कड्यात त्याला ती वाट मिळत नाही, त्यामुळे चोख सोनं असूनही सूर बारीक येतो आणि टोकं टेकली-सुटली की आकडा उडतो. मावशीकडे गुरुपुष्याला घेतलेलं तेवढ्याच वजनाचं दुसरं वेढणं होतं. घरात तपासू नका, स्लॅबमध्ये सळ्या आहेत, असं बजावून ते बागेतच, लाल दोरा बांधून, चार बोटं मातीखाली ठेवायला लावलं. पडद्यावर 31, 46, 28, 40. मंदार म्हणाला, "ताई, हे तर भंगारासारखं दिसतंय." आणि मुद्दा तोच होता. आकडा भंगाराचा, पण वळून फिरवलं तरी बिंदू तोच, आणि सूर कॉइलच्या मधोमध, आखूड.

जास्वंदीच्या आळ्यात तसा एक सूर एका बाजूने येत होता, दुसऱ्या बाजूने घरघरीत बुडत होता. शेजारी लोखंड असलं की चांगला सूर असाच झाकला जातो. मंदारने आधी बांधायच्या तारेचा गुंता काढला, पुन्हा फिरवलं, आणि सूर दोन्ही बाजूंनी उघडा झाला. वेढणं मुळाला चिकटून होतं. मावशीने ते तिथेच नळाखाली धुऊन बोटात घातलं. मी तिथे नसते म्हणून घरात अडून राहतं, हे मला अधूनमधून ऐकायला लागतं. त्या दिवशी अडलं नाही, आणि इथल्या चिखलात घालवलेल्या रविवारांमुळे अडलं नाही, हे मी नोंदवून ठेवते.

इथल्या क्लबात मला विचारतात, तुमच्याकडे असं काही सापडतं का? मी त्यांना ठाण्याचा किल्ला सांगते, जिथे आज कारागृह आहे. तिथे 1787 मध्ये खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट निघाला, शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017 चा. कापलेल्या पेनीहूनही जुना, आणि त्यावर अख्खं दानपत्र कोरलेलं. कायदाही आपल्याकडे 1878 पासून आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मूळ मालक पुढे आला नाही, सरकारने ती वस्तू घेतली नाही आणि जागेच्या मालकाशी वाटणी ठरली नाही, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं. इंग्लंडमध्ये सहसा निम्मं-निम्मं. म्हणजे कागदावर आपण जास्त उदार आहोत. कमी पडतो तो नोंदणीच्या टेबलामागचा माणूस. आपल्याकडे मशीन दिसली की आधी गुप्तधन आठवतं, मग मांत्रिक, मग पोलीस. कोण आपणहून शिशाची गोळी घेऊन जाईल?

आता मंदारला मशीन मुरबाडच्या शेतावर न्यायचीय. तिथली बेसाल्टची माती स्वतःच चुंबकीय, मॅग्नेटाइटने भरलेली, त्यामुळे दर थोड्या अंतरावर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा करायची जुळणी, नव्याने करावा लागेल, आणि खोलवरचं काहीही लोखंड म्हणूनच ऐकू येईल. संरक्षित लेण्या-किल्ल्यांच्या आसपास जायचंच नाही. जुनं काही दिसलं तर आहे तिथे ठेवून फोटो काढायचा आणि तहसील कचेरी गाठायची. आणि सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना आधी विचारायचं, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. थोरल्या काकांचा होकार आलाय, धाकट्या दोघांचा यायचाय.