पाच लाख मंजूर हाईत की

"आजोबा, योजनेच्या मागच्या बिलांचे पैसेच अजून आले नाहीत. आत्ता डिपॉझिट भरा, मग बघू."

मिरजेतल्या एका दवाखान्याचा काउंटर. आजोबा जतकडचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत केशरी रेशनकार्ड, घड्यांवर सेलोटेप. ते एवढंच म्हणाले, "पाच लाख मंजूर हाईत की. भाषणात सांगितलंय."

सकाळपासून ते 'मंजूर' डोक्यातून जात नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, खरंच आहे. त्यासाठीचा पैसा विधानसभाच मंजूर करते, अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत. पण पुढं तो कुठं पोचला, कुठं अडकला, हे विचारणंही त्याच सभागृहाचं काम. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी आमदारांची लोकलेखा समिती त्यासाठीच असते. तिथं फोटो निघत नाहीत, हार पडत नाहीत. म्हणून आपणही आमदारांना त्याबद्दल कधी विचारत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत या अशाच आरोग्य योजनेवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत मांडला गेला. एकाच मोबाइल नंबरवर सुमारे साडेसात लाख लाभार्थी! आधी मृत नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिलेले. कुणीतरी चिकाटीनं नोंदी तपासल्या म्हणून हे कळलं.

आणि इकडं जिवंत माणूस कार्ड हातात घेऊन उभा.

जिल्ह्यातल्या दवाखान्यांची किती बिलं थकलीत, कधीपासून, का, एवढाच प्रश्न सभागृहात विचारा, असं पत्र मी आमच्या आमदारांना लिहितोय. तुमच्या आमदारांना तुम्ही लिहाल?