गोळी बदलायची, पण फाईल कुठाय?

आईला पीबीसी आहे. शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवरच उलटते, असा हा आजार. दारूशी काडीचा संबंध नाही. (हे वडगावात दारोदार सांगून माझं तोंड दुखलं.) उर्सोनं (या आजारावरची नेहमीची गोळी) पुरेसा फरक पडेना म्हणून जोडीला ओबेटीकोलिक अ‍ॅसिड दिलेलं. रक्ततपासणीतला अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिकांना त्रास झाला की वाढणारा आकडा) उतरतो एवढ्यावरच अमेरिकेनं २०१६ मध्ये त्याला झटपट मंजुरी दिली होती. पुढच्या मोठ्या चाचणीत खरा फायदा काही सिद्ध झाला नाही. युरोपनं २०२४ मध्ये परवानगी काढली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं अमेरिकेतूनही ते मागे घेतलं. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, बदलूया, पण ही गोळी सुरू होण्याआधीचे रिपोर्ट आणि जुना फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) आणा.

ते कागद बेळगावच्या एका हॉस्पिटलात. रेकॉर्डच्या खिडकीवरच्या बाईंनी आधी "अर्ज कन्नडमध्ये लिहा" म्हटलं. शेजारच्या काकांकडून लिहून घेतला, तर "पेशंटला आणा". आईला या आजाराच्या खाजेनं रात्रभर झोप नाही, तिला रिक्षात घालून नेलं. तेव्हा साहेब रजेवर. मग रोज "नाळे बर्री, नाळे बर्री" (उद्या या, उद्या या). फाईल खालच्या गोदामात आहे म्हणे, आणि चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. याला जेवायला दिवसभर लागतो का, असं मी मोठ्यानं विचारलं, तरी कुणी मान वर केली नाही.

शेवटी ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तो नियम अर्जात लिहिला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागितली. शिक्का बसल्याबरोबर गोदामाची चावी सापडली! तुम्ही पहिल्याच दिवशी पोच घ्या, तोंडी काही बोलू नका.

आता उर्सोबरोबर त्या जुन्या गोळीऐवजी फेनोफायब्रेट चालू आहे. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घेतलं. यकृत फारच खराब झालेलं असेल तर ही गोळी देत नाहीत, म्हणून कुणाचं बघून स्वतःहून घेऊ नका. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. उर्सो आयुष्यभर घ्यायची, तेव्हा पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी दुकानदाराकडे नवा दर मागा.