हिरोला हिरोईन मिळत नाही तो पिक्चर

हिंदी पिक्चरमध्ये कसं असतं, पोरगी मिळाली की पाट्या पडायला लागतात, मधे कितीही राडा होऊ दे. तमिळमध्ये बऱ्याचदा पोरगी इंटर्व्हलच्या आसपासच हातची जाते, कधी लग्न होऊन जाते, कधी मरते, कधी नुसतीच नको म्हणून निघून जाते, आणि तरी पुढे तासभर पिक्चर शिल्लक असतो. आता या तासाभरात हा बाबा करणार काय, ते बघायला मी तमिळ पिक्चर बघतो. फायटिंगसाठी बघणारे वेगळे, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही, सुरुवात मीपण तिथूनच केली, दुपारच्याला टीव्हीवर हिंदीत डब केलेले लागायचे त्यात हिरो एका लाथेत जीप उडवायचा आणि सगळे व्हिलन एकाच माणसाच्या आवाजात बोलायचे.

पण मी खरा लागलो नादी तो 'वारणम आयिरम'मुळे. २००८ चा पिक्चर, गौतम मेननचा, सूर्याचा डबल रोल, बापही तोच आणि पोरगाही तोच. आमच्या होस्टेलवर कुणाच्या तरी हार्डडिस्कमधून आला होता, सबटायटल्स दोन सेकंद मागे, म्हणजे माणूस रडून झाला की आम्हाला कळायचं का रडला. पोराला ट्रेनमध्ये एक मुलगी भेटते, समोरच्या सीटवर, हा तिथेच गिटार काढून बसतो, मग तिच्या मागे थेट अमेरिकेला जातो, ती हो म्हणते, आणि ओक्लाहोमाच्या बॉम्बस्फोटात जाते. संपलं. इथून पुढे पोरगा व्यसनाला लागतो, घरातल्या घरात कुजतो, आणि मग हळूहळू, खरंच हळूहळू, उठतो. जिमला जातो, धावतो, शेवटी आर्मीत जातो. त्या जिमच्या सीननंतर आमच्या मजल्यावरची अर्धी पोरं पहाटे साडेपाचला ग्राऊंडवर पळायला लागली होती, ज्यांचा ब्रेकअप व्हायला मुळात काही सुरूच झालं नव्हतं तीसुद्धा. आठवडाभर टिकलं असेल. पण माझ्या डोक्यात जिम राहिलीच नाही, बाप राहिला. पोरगा वाया चाललाय हे दिसतंय, आणि तरी हा माणूस एक लेक्चर देत नाही, नुसता बाजूला असतो. गौतम मेननने हा पिक्चर स्वतःच्या गेलेल्या वडिलांसाठी केला हे नंतर वाचलं, तेव्हा म्हटलं बरोबर, असा बाप नुसता कल्पनेतून नाही निघत.

त्याचाच २०१० चा 'विण्णैताण्डी वरुवाया'. नाव उच्चारायला जमेपर्यंत चार वेळा बघून होतो. सिम्बू आणि त्रिशा, रेहमानची गाणी, हा खालच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि ती वरच्या मजल्यावरची घरमालकाची मुलगी, मल्याळी ख्रिश्चन, वयाने याच्यापेक्षा एक वर्षाने मोठी, घरचे कडक. हा इंजिनिअरिंग करून पिक्चर काढायची स्वप्नं बघणारा, म्हणजे मुलीच्या बापाला सांगण्यासारखं हातात काहीच नाही. गंमत अशी की हाच पिक्चर एकाच दिवशी तमिळ आणि तेलुगूत आला, तेलुगूत नागा चैतन्य आणि समंथा, डायरेक्टर तोच, गोष्ट तीच, फक्त शेवट वेगळा. तेलुगूत दोघं एकत्र येतात. तमिळमध्ये नाही येत, ती दुसऱ्याशी लग्न करून निघून जाते आणि हा त्याच सगळ्या गोष्टीवर पिक्चर काढतो. मी दोन्ही बघितलेत आणि तेलुगूवाल्यांची माफी मागून सांगतो, त्यांचा शेवट बघून बरं वाटतं आणि सकाळी विसरायला होतं.

आता एक गोष्ट बोलायलाच पाहिजे, कारण माझी बहीण बोलल्याशिवाय राहत नाही. ती म्हणते तुमच्या या चिकाटीला आमच्याकडे मागे लागणं म्हणतात. आणि खरंय तिचं. ढीगभर तमिळ पिक्चर असे आहेत की ज्यात हिरो पोरीच्या मागे बसस्टॉपपर्यंत, कॉलेजपर्यंत, घरापर्यंत जातो, ती शंभरदा नाही म्हणते, मित्र मागे हसतात, एक गाणं होतं आणि मग तिला एकदम प्रेम वाटायला लागतं. २०१६ ला चेन्नईत नुंगंबाक्कम स्टेशनवर एका तरुणीचा भरदिवसा खून झाला तेव्हा तिकडे यावर बरीच चर्चा झाली, की आपण पोरांना पडद्यावर नक्की काय शिकवतोय. वर ते लव्ह फेल्युअरचं गाणं, त्यात सगळा दोष पोरीचा, ही पोरं दारू पिऊन तिच्या नावाने नाचणार. २०११ चं 'कोलावेरी' आठवत असेल, ते आपल्या गणपतीतसुद्धा वाजलं, मजेत होतं म्हणून खपलं पण जात तीच. मी ते पिक्चर फॉरवर्ड करतो. मला आवडतात ते पिक्चर जिथे पोरगी नाही म्हटली म्हणजे नाही, आणि मग याची सगळी जिद्द दुसऱ्या कुठेतरी लागते.

किंवा लागतच नाही कुठे, तसाही एक आहे. '९६'. २०१८ चा. तंजावरची शाळा, १९९६ ची बॅच, बावीस वर्षांनी गेट टुगेदर. विजय सेतुपती फोटोग्राफर, लग्न न केलेला, आणि त्रिशा सिंगापूरहून आलेली, लग्न झालेली, एक मुलगी असलेली, जवळजवळ सगळा पिक्चर त्याच पिवळ्या कुर्त्यात. ती शाळेत गायची आणि हा प्रत्येक वेळी 'दळपती'मधलं इळयराजाचं एकच गाणं मागायचा, आणि ती मुद्दाम ते सोडून बाकीची सगळी म्हणायची. बावीस वर्षांनी त्याच्या घरात लाईट जाते, आणि अंधारात तिचा आवाज येतो, तेच गाणं. तो दुसऱ्या खोलीत असतो, दिवा शोधत. त्या क्षणाला तो ज्या पद्धतीने धडपडतो ना, चाळीशीचा एवढा थोरला दाढीवाला माणूस, वस्तूंना धडकत, कारण एक ओळपण चुकवायची नाहीये, ते बघून मी दरवेळी हसतो आणि दरवेळी घसा दाटतो. पुढे काहीच होत नाही. हातसुद्धा धड धरत नाहीत. सकाळी ती विमानाने परत जाते. हा तिच्या लग्नालासुद्धा लांब उभा राहून गेला होता हे तिला त्या रात्री कळतं, आणि बहीण इथेही म्हणाली की हे पण पाठलागच झालं की. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

बरं, पडद्यावर हे करणारी माणसं खऱ्यातपण तसलीच. रजनीचं सांगत बसत नाही, बंगळूरचा कंडक्टर शिवाजीराव गायकवाड आपल्याकडे शेंबड्या पोराला पाठ आहे. विक्रमचं बघा. कॉलेजात असताना अपघातात पाय इतका मोडला की कितीतरी ऑपरेशनं झाली, मग १९९० ला पहिला पिक्चर, आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं काहीही चालेना. पोटापाण्यासाठी दुसऱ्या हिरोंना आवाज देत होता, 'कादलन'मध्ये प्रभुदेवा नाचतो तो प्रभुदेवा आणि बोलतो तो विक्रम. मग डायरेक्टर बालाचा 'सेतु', तोपण तयार होऊन पडून राहिला कारण घ्यायला कोणी नाही, १९९९ च्या डिसेंबरात कसाबसा लागला आणि लोकांनीच एकमेकांना सांगून सांगून चालवला. त्याचाच पुढे 'तेरे नाम' झाला, म्हणजे २००३ ला आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांनी मधे भांग पाडला त्याचं मूळ तिथे आहे, पण हे त्या पोरांना माहीत नव्हतं आणि सांगितलं असतं तर पटलंही नसतं.

सेतुपती दुबईत अकाउंटंट होता. ते सोडून चेन्नईला आला आणि कूत्तुप्पट्टरै नावाच्या नाटकमंडळीत लागला, तिथेही आधी हिशेबच लिहायला. हिशेब लिहिता लिहिता तालमी बघायच्या. मग हिरोच्या मागे उभं राहायचे रोल, 'पुदुपेट्टै'मध्ये धनुषच्या टोळीत शोधा, सापडेल. २०१० ला पहिल्यांदा हिरो. '९६'मध्ये तो अंधारात धडकतो ते मला म्हणूनच खोटं वाटत नसावं, उगाच माझा अंदाज, बाकी काही नाही.

या सगळ्यात माझा सगळ्यात लाडका मात्र मुरली. १९९१ चा 'इदयम', मेडिकलचा विद्यार्थी, पोरीवर जीव आणि शेवटपर्यंत सांगत नाही. आजही तिकडे मनातलं न बोलणाऱ्या पोराला 'इदयम मुरली' म्हणून चिडवतात. शिवाय हा मुरली वय वाढलं तरी वर्षानुवर्षं कॉलेजातच दिसायचा, त्यावरून तमिळ लोक अजून जोक मारतात, की याची डिग्री कधी पूर्ण होणार. मी मागे ऑफिसातल्या तमिळ मित्राला विचारलं, तुमच्याकडे एवढे पडलेले हिरो का आवडतात, तर तो म्हणाला पडलेले कुठे, तिकीट काढून बघतोय ना आम्ही.

एवढीच विनंती आहे की '९६' चा हिंदी रिमेक कोणी काढू नये. कन्नडमध्ये झाला, तेलुगूत झाला, ठीक आहे. हिंदीत केला तर हे लोक शेवटी एअरपोर्टवर त्याला पळायला लावतील, बघा.