पंचाहत्तरावा मणी

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मोशन सेन्सर लावले त्याला आता दीड वर्ष होईल आणि तेव्हापासून घरात सगळ्यांना हात हलवायची सवय लागलीये. बाथरूममध्ये जरा जास्त वेळ बसलं की लाईट बंद, मग आतल्या आत भिंतीला टाटा करायचा, हे ज्याच्याकडे सेन्सर आहे त्याला सांगायला नको. पण खरी गंमत आईची.

आई संध्याकाळी देवघरासमोर पाटावर बसून माळ ओढते. जन्म पंचवटीतला, काळाराम मंदिर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जप तेरा अक्षरीच, श्रीराम जय राम जय जय राम. घाई न करता एका मण्याला चार सेकंद लागतात, मी मोबाईल लावून मोजलेत (तिला माहीत नाही). १०८ मणी म्हणजे सव्वासात मिनिटं झाली आणि मी टायमर लावलेला ५ मिनिटांचा. म्हणजे रोज बरोब्बर पंचाहत्तराव्या मण्याला अंधार! आई डोळे न उघडता डावा हात वर करते, लाईट लागते, शहात्तरावा मणी. मी म्हटलं अगं डोळे तर मिटलेलेच असतात ना, तुला काय फरक पडतो? तर म्हणे, "मिटल्या डोळ्यांना पण कळतं रे कुणी दिवा घालवला ते."

सेन्सरचा तसा दोष नाही. हा पीआयआरवाला, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड, स्वतःहून किरणबिरण काही सोडत नाही, नुसती अंगाची ऊब बघत बसतो आणि तीही सरकली तरच. वरचा तो पांढरा घुमट खोलीच्या कलिंगडासारख्या फोडी करतो, एका फोडीतून दुसरीत माणूस गेला की याला जाग येते. बोटांनी मणी सरकवणं त्याच्या गावीही नसतं. आडवं गेलात की लगेच कळतं, सरळ त्याच्याच दिशेने चालत गेलात तर उशिरा, त्यामुळे तो दाराच्या बरोब्बर समोर लावायचा नसतो, हे शहाणपण मला भिंतीला दुसरं भोक पाडताना आलं. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो ना, तेव्हा पश्चिमेची भिंत आपल्या अंगाइतकी तापते आणि मग याला माणूस कुठला आणि भिंत कुठली तेच कळेनासं होतं. डिसेंबरच्या थंडीत मात्र लांबूनच ओळख दाखवतो.

मग टायमर वाढवायचा ना? वाढवला, १० मिनिटं केला. पण रिकाम्या खोलीत लाईट चालू बघून आईचा जीव तुटतो, ती उठून भिंतीवरचं बटणच बंद करते, आणि बटण बंद म्हणजे स्मार्ट बल्बचा करंटच गेला, मग सेन्सरने कितीही सांगितलं तरी ऐकणार कोण! बटणावर सेलोटेप लावला. तो तिने पुसायला अडचण होते म्हणून काढला.

शेवटी रडारवाला आणला, मिलिमीटर वेव्हचा. श्वास घेताना छाती हलते ना, तेवढंही त्याला दिसतं. पहिल्याच संध्याकाळी अख्खी माळ उजेडात झाली, मी खूश. रात्री साडेअकरा वाजले तरी हॉलची लाईट विझेना. शोधाशोध केली तर फॅनखाली स्टँडवर आईची नऊवारी वाळत होती, ती हलायची आणि साहेबांना वाटायचं कुणीतरी बसलंय. त्याची नजर साडीच्या अलीकडेच थांबवली, अॅपमध्ये तेवढी सोय होती, मग जमलं.

मागच्या आठवड्यात आई पंचवटीत मामाकडे राहायला गेली होती. जुना वाडा, अजून ती काळी खटक्याची बटणं. संध्याकाळी जपाला बसली आणि नेमकी एरियाची लाईट गेली. आईने डावा हात वर केला. जरा थांबून परत केला, या वेळी चांगला खांद्यापासून हलवला.

मामा अंधारातून म्हणाला, "ताई, कुणाला बोलावतेस?"